जमिनीला टेकून परत फिरणारी बोट

लांजा तालुक्याला समुद्र नाही. पश्चिमेला रत्नागिरी आणि राजापूर हे तालुके आडवे येतात, पूर्वेला सह्याद्री उभा. तरीही साटवलीला मुचकुंदीच्या काठी एक जुनी गढी आहे, आणि ती तिथे असण्याचं कारण समुद्रच आहे. माचाळच्या डोंगरातून निघून पूर्णगडला समुद्राला मिळणाऱ्या या नदीत भरतीचं पाणी आतवर शिरायचं. त्या पाण्यावर बसून गलबतं साटवलीच्या बंदराला माल घेऊन यायची. पाणी ओसरायच्या आत निघायचं, नाहीतर पुढच्या भरतीपर्यंत चिखलात बसून राहायचं, हा तिथला व्यवहार. घड्याळ नसलेल्या तांडेलाला भरतीची वेळ तोंडपाठ असायची.

याच हिशेबावर चार दशकं काढलेली एक पोलादी युद्धनौका मार्च २०२५ मध्ये विजयदुर्ग बंदराला येऊन लागली. लांज्याहून राजापूर, खारेपाटण करत तळेऱ्याला उजवीकडे वळलं की तो रस्ता थेट विजयदुर्गला जातो. तिचं नाव 'गुलदार'. भारतीय नौदलातून ती निवृत्त झाली होती, कारवारच्या नौदल तळावर २२ फेब्रुवारी २०२५ रोजी तिचा ताबा महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाला मिळाला होता, आणि सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ समुद्राच्या तळाशी नेऊन तिचं संग्रहालय करायचं ठरलं होतं. देशातलं अशा प्रकारचं पहिलंच. पाण्याखालच्या संग्रहालयाची चर्चा खूप झाली. मला मात्र त्या बोटीच्या आधीच्या आयुष्याचं नवल जास्त वाटतं, कारण ती बोट एक असं काम करत होती जे दुसरी कुठलीही बोट आपणहून करणार नाही.

बोट जमिनीला लागणं हा कुठल्याही कप्तानाच्या लेखी अपघात. तळ फाटतो, सुकाणू मोडतं, पंखा वाळूत रुततो, चौकशी बसते. गुलदार मात्र बांधलीच होती पुळणीवर चढण्यासाठी. भर वेगात असलेली बोट हळू करायची, नाक सरळ किनाऱ्याकडे धरायचं, वाळूवर टेकवायचं, पुढचे दरवाजे उघडायचे, आतून एक लोखंडी उतार खाली सोडायचा, आणि त्यावरून रणगाडे, ट्रक, जवान थेट किनाऱ्यावर. ना धक्का, ना क्रेन, ना बंदर. आणि खरी करामत यानंतरची: पुन्हा सुटून समुद्रात जायचं.

ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाने जगाला दिली. १९४० च्या उन्हाळ्यात डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिशांनी आपली माणसं कशीबशी परत नेली, पण रणगाडे आणि तोफा तिथेच सोडाव्या लागल्या. एक दिवस याच युरोपच्या किनाऱ्यावर अवजड सामानासह परत उतरावं लागणार, हे तेव्हाच दिसत होतं. त्यासाठी हवी होती अशी बोट, जी अटलांटिक महासागर ओलांडेल आणि गुडघाभर पाण्यातही जाईल. या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत. महासागरात तग धरायचा तर बोटीचं बूड पाण्यात खोल हवं. किनाऱ्याला लागायचं तर ते उथळ हवं. अमेरिकी नौदलाचे आरेखक जॉन नीडरमायर यांनी नोव्हेंबर १९४१ मध्ये काही तासांत एक कच्चं चित्र काढलं आणि त्यात हा पेच सोडवला. बोटीच्या पोटात मोठ्या टाक्या ठेवायच्या. महासागरात असताना त्या समुद्राच्या पाण्याने भरायच्या, म्हणजे बोट जड होऊन खाली बसते. किनारा जवळ आला की पंप लावून पाणी बाहेर फेकायचं, म्हणजे बोट वर येते. एकाच बोटीला दोन वेगवेगळ्या खोल्या! चित्रातली बोट दिसायला अगदी बेढब होती, पण पुढे अमेरिकेने अशा हजारावर बोटी बांधल्या. त्यांतल्या कितीतरी तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलसारख्या नदीकाठच्या गावांत तयार झाल्या आणि नदीतून समुद्राकडे गेल्या.

गुलदार ही त्याच कुळातली, पण आकाराने लहान आणि पोलंडची. ग्दिनिया इथल्या गोदीत ती बांधली गेली आणि १९८५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्या आधी १९८४ मध्ये 'चीता' आली होती, नंतर १९८६ मध्ये 'कुंभीर' आली. पोलंडमधल्या भारतीय राजदूतांच्या उपस्थितीत त्या सेवेत रुजू झाल्या. गुलदारचे पहिले कप्तान होते लेफ्टनंट कमांडर एस. के. सिंग. लांबी सुमारे ८४ मीटर, रुंदी ९.७ मीटर, वजन १,१२० टन. अंगावर ३० मिलिमीटरच्या तोफा आणि उतरणाऱ्या जवानांच्या डोक्यावरून किनाऱ्यावर मारा करायला १४० मिलिमीटरचे रॉकेट फेकणारे संच.

(जाता जाता: पोलंड आणि आपला मुलूख यांचं नातं गुलदारपेक्षा जुनं आहे. लांज्याहून साखरप्यावरून आंबा घाट चढला की पुढे कोल्हापूर. त्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. त्या देशाच्या कामगारांनी बांधलेली बोट कोकणात यावी याचं मला फार अप्रूप वाटतं.)

आता त्या करामतीकडे वळू. बोट किनाऱ्यावर चढवायची तर पहिला प्रश्न किनाऱ्याचा. सगळ्या पुळणी सारख्या नसतात. काही ठिकाणी वाळू झपकन खोल उतरते, काही ठिकाणी कोसभर चाललं तरी पाणी कमरेवर येत नाही. गुलदारसारख्या बोटीचं बूड पुढून उथळ, मागून खोल, म्हणजे उतरतं असतं. किनाऱ्याचा उतार या बुडाच्या उताराशी जुळला तर बोट अलगद, लांबवर टेकते. उतार फार सपाट असला तर ती काठापासून दूरच अडकते. फार उभा असला तर फक्त नाक टेकतं आणि मागचा सगळा भाग लाटांवर डोलत राहतो. म्हणून आधी माणसं जाऊन वाळू पाहतात, खोली मोजतात, बुडालेले खडक शोधतात.

मग टाक्यांचं काम. पुढच्या टाक्या रिकाम्या, मागच्या भरलेल्या, म्हणजे नाक वर आणि पंखे खोल पाण्यात सुरक्षित. मग भरतीचा हिशेब. पाणी चढत असताना टेकलं तर सुटायला मदत होते, कारण थोड्या वेळाने समुद्रच बोटीला उचलतो. ओहोटी लागल्यावर टेकलं आणि उतरवायला उशीर झाला, तर अकराशे टनांची युद्धनौका पुढच्या भरतीपर्यंत उघड्या वाळूवर, शत्रूच्या तोफांसमोर. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीला पाणी साधारण दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. एवढ्या फरकात अशी बोट तरंगते किंवा अडकते. साटवलीच्या तांडेलाला हे काही नवीन वाटलं नसतं.

पण सगळ्यात सुंदर युक्ती आहे मागच्या नांगराची. एरवी बोटीचा नांगर पुढे असतो. या बोटींना पाठीमागेही एक नांगर असतो. किनारा अजून बराच दूर असताना तो पाण्यात सोडायचा आणि पुढे जाता जाता त्याचा जाड दोर ढिला सोडत राहायचं. बोट वाळूवर टेकते तेव्हा तो नांगर मागे समुद्राच्या तळात घट्ट रुतलेला असतो. याचे दोन उपयोग. एक म्हणजे मागून येणाऱ्या लाटा बोटीला आडवी करू पाहतात, तेव्हा हा दोर तिला सरळ धरून ठेवतो. आडवी झालेली बोट म्हणजे गेलेली बोट. लाटा तिला कुशीवर घालून वाळूत गाडतात. दुसरा उपयोग सुटतानाचा: यंत्राने दोर गुंडाळायला लागायचं, पंखे उलटे फिरवायचे, आणि बोट स्वतःलाच स्वतःच्या नांगराकडे ओढून घेत मागे सरकते. त्यात आणखी एक गोष्ट मदतीला येते. एकेक रणगाडा पस्तीस-चाळीस टनांचा. तो उतरला की बोट तेवढी हलकी होऊन वर येते. म्हणजे ज्या कामासाठी ती अडकली, ते काम पूर्ण होणं हीच तिची सुटका.

हे कागदावर जितकं नेटकं वाटतं तितकं पाण्यात नसतं. ते आपल्या नौदलाला १९७१ मध्ये कळलं, आणि त्या गोष्टीतही एक 'गुलदार' आहे. ही वेगळी, आधीची. 'घडियाल' आणि 'गुलदार' ही पोलिश बनावटीची जोडी १९६६ मध्ये आपल्याकडे आली होती. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातलं सैन्य कॉक्स बझारच्या बाजूने ब्रह्मदेशात निसटू नये म्हणून तिथे समुद्रमार्गे तुकडी उतरवायचं ठरलं. गुरखा रायफल्सची एक बटालियन 'विश्वविजय' या व्यापारी जहाजावर चढली. भर समुद्रात तिला घडियाल आणि गुलदारवर घेण्यात आलं. किनारा आधी पाहून ठेवायला, सराव करायला वेळच मिळाला नव्हता. आणि बंगालच्या उपसागराचा तो किनारा म्हणजे सपाट उताराचं टोक: काठापासून आत वाळूचा बांध, आणि बांध आणि काठ यांच्यामध्ये खोल पाण्याचा चर. बोटीला वाटतं आपण किनाऱ्याला टेकलो, प्रत्यक्षात ती बांधाला टेकलेली असते. बोटीच्या लोखंडी उतारावरून पाण्यात उतरलेले जवान पाठीवरच्या ओझ्यासह चरात गेले. दोघे बुडाले. शेवटी स्थानिक होड्यांची मदत घेऊन सैन्य उतरवावं लागलं. तोवर १६ डिसेंबर उजाडला होता आणि ढाक्यात शरणागतीची तयारी चालली होती.

ते दोन जवान शत्रूच्या गोळीने गेले नाहीत. वाळूचा उतार कुणी मोजला नव्हता म्हणून गेले. या बोटींच्या इतिहासात मला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा वाटतो. त्यानंतर नौदल आणि लष्कर मिळून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव करू लागले, त्यामागची निकड अशा किमतीतून आली आहे.

नव्या गुलदारच्या वाट्याला असं युद्ध आलं नाही. सुरुवातीला ती विशाखापट्टणमला होती. श्रीलंकेत भारतीय शांतिसेना होती तेव्हा गुलदार, चीता आणि कुंभीर या तिन्ही बोटी त्या मोहिमेत राबल्या. १९९० पासून भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या समुद्रात शस्त्रांची चोरटी वाहतूक रोखण्याच्या 'ताशा' मोहिमेतही होत्या. नंतर त्यांचं घर झालं अंदमान-निकोबार. आणि अशा बोटीला याहून योग्य घर भारतात दुसरं नसेल. शेकडो बेटं, त्यांतल्या कित्येकांवर धड धक्का नाही. किनारा मात्र प्रत्येक बेटाला असतो, आणि या बोटींना तेवढंच पुरतं.

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी हे गुण किती मोलाचे आहेत ते दिसलं. त्सुनामीने निकोबार बेटांवरचे धक्के मोडून टाकले. बेटंच खचली. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकावरच्या इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खाली गेली, तिथल्या दीपस्तंभाचा पायथा पाण्यात गेला. जुन्या नकाशांवरच्या खोल्या एका सकाळीत खोट्या ठरल्या. मोठं जहाज मदत घेऊन येईल, पण लागणार कुठे? अशा वेळी थेट वाळूवर नाक टेकवणाऱ्या बोटी लागतात. चीता, गुलदार आणि कुंभीर या तिघी त्या मदतकार्यात होत्या. रणगाडे उतरवायला केलेला तो उतार धान्य, पाणी, औषधं उतरवायलाही तितकाच सोयीचा. श्रीलंकेतल्या १९९७ च्या चक्रीवादळानंतरही त्या अशाच गेल्या होत्या.

१२ जानेवारी २०२४ रोजी सूर्यास्ताला पोर्ट ब्लेअरमध्ये तिघींवरचे झेंडे एकदमच उतरवले गेले. नौदलाने त्या दिवशी दिलेले आकडे थांबून वाचण्यासारखे आहेत. तिघी मिळून समुद्रात १२,३०० हून अधिक दिवस. तिघी मिळून सुमारे १७ लाख सागरी मैल. आणि किनाऱ्यावर चढण्याच्या १,३०० हून अधिक मोहिमा. मी गणित मांडून पाहिलं. सतरा लाख सागरी मैल म्हणजे साधारण साडेएकतीस लाख किलोमीटर, म्हणजे चंद्रापर्यंतच्या चार फेऱ्या, जाऊन-येऊन. आणि तेराशेला तीनने भागलं तर एकेक बोट सरासरी चारशेहून अधिक वेळा मुद्दाम जमिनीला लागली आणि प्रत्येक वेळी सुटून समुद्रात गेली.

अशी बोट विजयदुर्गला यावी यात एक औचित्य आहे. उथळ पाणी हेच मराठी आरमाराचं बळ होतं. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं खाड्यांच्या तोंडातून आत शिरत, आणि खोल बुडाची इंग्रजी, पोर्तुगीज जहाजं बाहेर ताटकळत राहत. वाघोटणच्या खाडीत गिर्ये इथे खडक खोदून केलेली त्यांची गोदी आजही पाहता येते. तीही भरती-ओहोटीच्याच भरवशावर चालायची. त्याही आधी, फेब्रुवारी १६६५ मध्ये, शिवाजी महाराज स्वतः मालवणहून ८५ गलबतं आणि ३ मोठी जहाजं घेऊन निघाले आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर बसरूरला उतरले. समुद्रातून येऊन परमुलखाच्या किनाऱ्यावर फौज उतरवायची, हेच काम पुढे गुलदारकडे आलं.

आता निवती रॉकची बाजू. 'बोट बुडवायची' हे दोन शब्दांचं काम प्रत्यक्षात फार नाजूक असतं. आधी बोटीतलं तेल, वंगण, वायरी, प्लास्टिक, विषारी रंग काढून टाकावे लागतात, नाहीतर ज्या माशांसाठी घर करायचं त्यांनाच विष मिळतं. पाणबुडे आत अडकू नयेत म्हणून वाटा मोठ्या कराव्या लागतात. आणि मग तिला सरळ उभी तळाशी बसवायची. सैन्य उतरवणाऱ्या बोटींच्या बाबतीत नेमकं हेच कठीण असतं. यांचं पोट मोकळं असतं, रणगाडे उभे करायला एकसलग. पाण्याने भरलेली परात उचलून चालायला लागलं की पाणी एका कडेला धावतं आणि परात त्याच बाजूला कलते. बोटीच्या मोकळ्या पोटात तेच घडतं, फक्त शेकडो टनांनी.

अमेरिकेत फ्लोरिडाजवळ मे २००२ मध्ये 'स्पीगल ग्रोव्ह' नावाची सैन्य उतरवणारी १५५ मीटर लांब बोट अशीच बुडवली जात होती. ठरल्या वेळेच्या आधीच ती बुडू लागली, उलटी झाली, आणि तिचं नाक पाण्याबाहेर तसंच उभं राहिलं. मोठ्या खर्चाने तिला पूर्ण खाली नेलं, तर ती कुशीवर झोपली. तीन वर्षं तशीच होती. मग जुलै २००५ मध्ये 'डेनिस' नावाचं चक्रीवादळ त्या बाजूने गेलं, आणि पाणबुडे खाली जाऊन पाहतात तर बोट सरळ उभी! हजारो टनांचं पोलाद समुद्राने स्वतः उचलून नीट ठेवलं होतं. ऑस्ट्रेलियातली 'टोब्रुक', तीही याच कामाची बोट, २०१८ मध्ये बुडवली तेव्हा कुशीवरच विसावली. केंद्र सरकारने गुलदारच्या प्रकल्पाला ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले, त्यात अशा काळजीचाही वाटा असतो हे लक्षात घ्यायला हवं.

तळाशी बसलेल्या पोलादावर जीवसृष्टी कशी चढते हे पाहण्यासारखं असतं. आधी डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचा बुळबुळीत थर, त्यावर शेवाळ, मग कालवं आणि शिंपले घट्ट बसतात, मग त्यांच्या आसऱ्याला लहान मासे, आणि लहानांच्या मागे गोबरे आणि तांबोशी. कोकणचा बराचसा समुद्रतळ चिखलाचा आणि वाळूचा आहे. तिथे एक कठीण, खाचाखोचांची वस्तू मिळणं ही जिवांसाठी पर्वणी. शिवाय निवती रॉक हे आधीच गजबजलेलं ठिकाण. तिथल्या बेटांच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे. विजयदुर्गपासून समोर शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचं प्रवाळांचं पठार आहे, त्याला कान्होजी आंग्र्यांचं नाव. आपल्या समुद्राच्या पोटात काय काय आहे याची आपल्याला अजून पुरती ओळखच नाही.

एक मागणं आहे. पाण्याखाली जाऊन गुलदार पाहणं सगळ्यांना जमणार नाही. पोहता न येणारे, वयस्कर, पावसाळ्यात येणारे, आणि सहलीला आलेली शाळेची मुलं काठावरच राहणार. तेव्हा निवती किंवा विजयदुर्गच्या किनाऱ्यावर एक दालन हवं, आणि त्यात नुसते फोटो नकोत. पाण्याचा एक हौद हवा, त्यात वाळूचा उतार, आणि बोटीची एक चालती प्रतिकृती: मुलांनी स्वतः टाक्या भराव्यात, रिकाम्या कराव्यात, मागचा नांगर टाकावा, बोट टेकवावी आणि पुन्हा सोडवून घ्यावी. उतार बदलला की काय होतं तेही त्यांना करून पाहता यावं. तिथल्या भिंतीवर कॉक्स बझारला बुडालेल्या त्या दोन गुरखा जवानांचा उल्लेख असावा. समजावून सांगायला या बोटींवर नोकरी केलेले निवृत्त नौसैनिक आणि निवतीचे तांडेल असावेत. आणि लांज्याच्या शाळांनी सहलीच्या यादीत हे नाव आत्ताच घालून ठेवावं.